कोल्हापूरच्या उद्यमनगरात घासून घेतलेला कॅम: अकरा महिने रोज चालवल्यावर

माझी गाडी २००५ ची एस्टीम. अण्णांनी घेतलेली, आता मी चालवते. माझं काम औषधांच्या घाऊक वितरणाचं. सोमवारी गारगोटी, मंगळवारी गडहिंग्लज आणि आजरा, बुधवारी राधानगरी, बाकीचे दिवस शहर आणि कागलची बाजू. मागच्या सीटवर आणि डिकीत खोकी असतात. इन्सुलिनचा बर्फाचा डबा सोबत असला की एसी बंद करता येत नाही. महिन्याला दोन हजार किलोमीटर सहज होतात. हे आधी सांगते, कारण पुढे लिहिलंय ते अशा वापरासाठी आहे. ट्रॅकवर पळवायच्या गाडीचा हिशोब वेगळा असतो.

पावणेदोन लाख किलोमीटर झाल्यावर हेडमधून, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागातून, टकटक आवाज यायला लागला. टॅपेट (व्हॉल्व्हची फट ठरवणारे स्क्रू) सेट करून घेतले, चार दिवस बरं वाटलं, मग परत तेच. व्हॉल्व्ह कव्हर उघडलं तेव्हा कळलं. कॅम म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट, त्यावरचे उंचवटे म्हणजे लोब. तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट (धूर बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या) लोबचं नाक झिजून बोथट झालं होतं आणि त्यावर बारीक बारीक खड्डे पडले होते. कॅम बदलणं भाग होतं. तेव्हा ओळखीतल्या एकाने सुचवलं की बदलायचाच आहे तर परफॉर्मन्स कॅम टाका, घाटात गाडी ओढेल. मला ते पटलं. भरलेली गाडी घेऊन घाट चढताना दुसरा गिअर टाकावा लागतो तेव्हा जीव वरखाली होतो, हे मी रोज बघते.

बाहेरगावच्या एका दुकानातून 'स्टेज टू' म्हणून कॅम मागवला. डब्यावर २८० एवढा एकच आकडा. सोबत कार्ड नाही, कितव्या अंशावर व्हॉल्व्ह उघडतो, कितव्यावर बंद होतो, काही नाही. फोन केला तर उत्तर मिळालं, "मॅडम, सगळे हाच घेतात." मी घेतला आणि बसवून घेतला. पुढचे सहा महिने माझे फार वाईट गेले.

ताराराणी चौकात सिग्नलला उभी राहिले की टॅकोमीटरचा काटा सातशे ते अकराशे असा नाचायचा. एसी लावला की इंजिन बंद पडायचं. ब्रेकचं पेडल दगडासारखं कडक व्हायचं, विशेषतः गर्दीत दोनतीनदा लागोपाठ दाबलं की. कॉलेजच्या पोरांना त्या धडधडीचा आवाज आवडायचा, वळून बघायची. पण खरा त्रास उसाच्या हंगामात झाला. बिद्रीच्या कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रॉल्यांच्या मागे मुदाळ तिट्ट्यापर्यंत वीस-पंचवीसच्या वेगाने जावं लागतं, ओव्हरटेकला जागा मिळेपर्यंत. त्या वेगाला गाडी असे हिसके द्यायची की मागची खोकी आपटायची. क्लच दाबून, रेस देऊन, परत सोडून पाय भरून यायचा. लिटरला साडेतेरा देणारी गाडी साडेनऊवर आली.

एक गोष्ट मात्र खरी आहे. काटा साडेचार हजारांच्या पुढे गेला की त्या कॅमने इंजिन असं ओढायचं की पाठ सीटला टेकायची. कागलच्या पुढे हायवेवर एकदा अनुभवलं आणि मी समजून गेले की कॅम वाईट नाही, माझ्या कामाचा नाही.

शेवटी पीयूसीने अडवलं. माझ्या गाडीच्या वर्गाला आयडलिंगवर (गाडी उभी, इंजिन चालू) कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.५ टक्के आणि हायड्रोकार्बनची ७५० पीपीएम. माझं हायड्रोकार्बन हजाराच्या वर गेलं. पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीचं रजिस्ट्रेशन दर पाच वर्षांनी नवं करावं लागतं, तेव्हा ही गोष्ट अंगावर काढून चालणार नव्हतं.

उद्यमनगरातल्या मामांकडे मी तशी गेले. त्यांचं नाव इथे देत नाही, त्यांनीच नको सांगितलंय. अण्णा त्याच भागात लेथवर काम करायचे, त्यांच्या ओळखीचे. 'कॅमवाले मामा' म्हणून विचारलं तर चहावालासुद्धा बोळ दाखवतो. आत एक जुनं कॅम ग्राइंडिंग मशिन, एक हेडचं टेबल, भिंतीला टांगलेल्या मास्टर प्लेटा. मी म्हटलं, मामा, याच्यापेक्षा जरा कमी पण जोरदार कॅम पाहिजे. त्यांनी कॅमकडे बघितलंच नाही. विचारलं, "ताई, काटा रोज कुठं असतोय?"

मला सांगता आलं नाही. मग त्यांनी मला पंधरा दिवस दिले. वहीत लिहायचं: कुठला रस्ता, कुठला गिअर, काटा कुठे. टॅकोमीटर मी आधीच वेगळा बसवून घेतला होता, त्यामुळे जमलं. पंधरा दिवसांनी वही बघितली तर बहुतेक सगळा वेळ १,५०० ते ३,०००. पाचव्या गिअरला ८० च्या वेगाला २,४०० च्या आसपास. चढाला ३,८००, फार तर ४,०००. साडेचार हजारांच्या वर पंधरा दिवसांत चार वेळा. मामांनी वही बंद केली आणि म्हणाले, "मग ह्या चार वेळंसाठी बाकीचा दिवस कशाला खराब करायचा?"

सहा महिने मी मोठ्या आकड्यामागे होते, आणि ठरवायचं होतं ते या वहीवरून.

कॅमचं गणित त्यांनी मला शेतातल्या भाषेत सांगितलं. पाटाला जोर असला तर वाफ्याचं दार जरा उशिरा बंद केलं तरी पाणी आत जातच राहतं, उलट जास्त भरतं. पण पाणी संथ असलं आणि दार उशिरा बंद केलं, तर आत आलेलं पाणी परत पाटात येतं. हवा आत घेणाऱ्या इनटेक व्हॉल्व्हचं तसंच आहे. पिस्टन खालून वर निघाला तरी व्हॉल्व्ह थोडा वेळ उघडा असतो. इंजिन जोरात फिरत असेल तर आत धावणारी हवा त्या वेळात आणखी भरते. म्हणून जास्त अंशांचा कॅम वरच्या आरपीएमला ताकद देतो. इंजिन सावकाश फिरत असेल तर पिस्टन तीच हवा परत मॅनिफोल्डमध्ये (हवा आणणाऱ्या नळीत) ढकलतो. दाबायला उरलेली हवाच कमी, मग टॉर्क, म्हणजे ओढ, येणार कुठून? माझे ट्रॉलीमागचे हिसके तिथून येत होते.

दुसरी गोष्ट ओव्हरलॅपची. एक्झॉस्ट पूर्ण मिटायच्या आधी इनटेक उघडतो, काही अंश दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असतात. आयडलिंगला त्या फटीतून जळका धूर इनटेकमध्ये येतो, मिश्रण पातळ होतं, काही ठोके नीट पेटतच नाहीत. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधून बाहेर जातं आणि पीयूसीच्या मशिनवर हायड्रोकार्बन म्हणून दिसतं. मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम पडतो. ब्रेकचा बूस्टर त्याच व्हॅक्यूमवर चालतो, म्हणून माझं पेडल कडक झालं होतं. आणि माझ्या इंजिनाचा ईसीयू (छोटा संगणक) मॅनिफोल्डचा दाब मोजून पेट्रोल ठरवतो. व्हॅक्यूम कमी दिसला की त्याला वाटतं गाडीवर लोड आहे, आणि तो जास्त पेट्रोल सोडतो. लिटरमागे चार किलोमीटर तिथे गेले. मामांनी व्हॅक्यूम गेज लावून दाखवलं: अकरा इंच (पाऱ्याच्या मापात), तेही थरथरत. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच आहे, तीनशे मीटरला जवळजवळ एक इंच कमी धरायचा, म्हणजे इथे चांगल्या इंजिनाला सोळा-सतरा यायला पाहिजे.

मग त्यांनी डब्यावरच्या २८० चा खुलासा केला, आणि कॅम विकत घेणाऱ्या प्रत्येकाने हे नीट वाचावं. व्हॉल्व्ह किती अंश उघडा राहतो हा आकडा तुम्ही कुठून मोजता त्यावर बदलतो. लोब जरासा हलला तिथून मोजलं तर आकडा मोठा येतो. पन्नास थाऊ, म्हणजे १.२७ मिलिमीटर उचलल्यापासून मोजलं तर तोच कॅम कितीतरी लहान दिसतो. काही कंपन्या एक मिलिमीटरवर मोजतात. म्हणून दोन दुकानांचे आकडे एकमेकांशेजारी ठेवून काही कळत नाही. मामांनी माझा 'स्टेज टू' व्ही ब्लॉकवर ठेवला, डायल लावला आणि सावकाश फिरवला. कॅम क्रँकच्या (पिस्टन फिरवतात त्या मुख्य शाफ्टच्या) निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून कॅमवर आलेले अंश दुप्पट करायचे. पन्नास थाऊला इनटेकचे २३२ अंश आले. दोन लोबांच्या नाकांमधला कोन १०६. हा कोन जितका कमी तितका ओव्हरलॅप जास्त. रोजच्या गाडीला ११२ किंवा त्याच्या पुढे असलेला बरा. माझ्या इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्टचे लोब एकाच शाफ्टवर आहेत, त्यामुळे तो कोन नंतर बदलता येत नाही. दोन कॅमच्या इंजिनात पुली फिरवून थोडं जमवता येतं, इथे ग्राइंडिंगलाच ठरतं.

आम्ही ठरवलं: पन्नास थाऊला २०८ अंश, कोन ११२, लिफ्ट (व्हॉल्व्ह किती उचलला जातो ते) मूळपेक्षा थोडी जास्त. मामांच्या मते रोजच्या गाडीला अंश वाढवण्यापेक्षा लिफ्ट थोडी वाढवावी, व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा न ठेवता जास्त उघडतो. मी २२० मागितले होते. त्यांनी नाही म्हटलं. जास्त मागणाऱ्या गिऱ्हाइकाला कमी देणारा माणूस मला या धंद्यात पहिल्यांदा भेटला.

माझा मूळचा झिजलेला कॅम त्यांनी घासायला घेतला नाही. कॅम बहुतेक बिडाचा ओतीव असतो. ओतताना साच्यात लोबच्या जागी लोखंडाचे गार तुकडे, चिल, बसवतात, तिथे रस पटकन गार होतो आणि वरचा थर काचेसारखा कडक होतो. आतलं बीड मऊच राहतं. खड्डे पडले म्हणजे तो थर गेला, आणि तिथे घासलं तर खाली मऊ बीड लागणार. शिरोलीत आणि गोकुळ शिरगावात फौंड्रीत राबलेल्या माणसांच्या गावात हे समजावून सांगायला फार शब्द लागत नाहीत, अण्णांनी तर लगेच मान हलवली. (कॅमशाफ्ट करणारी मोठी कंपनी आपल्या शेजारी सोलापुरात आहे, प्रिसिजन कॅमशाफ्ट्स, १९९२ पासूनची. मला हे आतापर्यंत माहीत नव्हतं आणि कळल्यावर खूप अभिमान वाटला.) मामांनी भंगारात निघालेल्या एका एस्टीमचा चांगला कॅम आणला. माझ्यासमोर त्यांनी त्याच्या लोबच्या कडेला बारीक कानस टेकवून ओढली. कानस चावली नाही, सुळकन घसरली. माझ्या जुन्या कॅमच्या खड्ड्यावर तीच कानस टेकवली तर चर्र करून धरली आणि बारीक काळी भुकटी बोटाला लागली. मग घासून झालेल्या कॅमवरही त्यांनी पुन्हा तीच परीक्षा केली, थर शिल्लक आहे याची खात्री करायला.

घासणं म्हणजे नाकावर काही चढवणं नव्हे. लोबचा गोल भाग, पायथा, कमी करतात, म्हणजे नाक तुलनेने उंच होतं. पायथा बारीक झाल्याने रॉकरला (लोबचा दाब व्हॉल्व्हपर्यंत नेणाऱ्या दांडीला) जास्त खाली यावं लागतं, ती तफावत टॅपेटच्या स्क्रूने भरून निघते. ती स्क्रूच्या आवाक्यात राहील एवढंच घासायचं. कॅमबरोबर रॉकरचे पॅडही नवे किंवा घासून सपाट केलेले लागतात, जुन्या पॅडने नवा लोब काही दिवसांत खाल्ला जातो. ग्राइंडिंगनंतर कॅमवर काळं फॉस्फेट करून घेतलं, तो थर तेल धरून ठेवतो. स्प्रिंगा आणि व्हॉल्व्हची सील नवी टाकली. पूर्ण लिफ्टला स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकत नाहीत ना, हे फीलर गेजने बघितलं.

मला सगळ्यात आवडलं ते मातीचं काम. हेड उतरवलंच होतं. मामांनी पहिल्या पिस्टनवर पोरांच्या खेळायच्या मातीचे दोन गोळे दाबले, वरून तेलाचं बोट फिरवलं, जुन्या गॅस्केटवर हेड बसवलं, टायमिंग लावलं आणि पान्याने हाताने क्रँक दोन फेरे फिरवला. परत हेड काढलं. मातीत व्हॉल्व्हचे चंद्रकोरीसारखे ठसे उमटले होते. ब्लेडने मधोमध कापून व्हर्नियरने सगळ्यात पातळ जागा मोजली: इनटेकला २.९, एक्झॉस्टला ३.४ मिलिमीटर. इनटेकला किमान दोन आणि एक्झॉस्टला अडीच पाहिजे. जास्त लिफ्टचा कॅम टाकताना हे कोणी करत नसेल तर त्याला गाडी देऊ नका. टायमिंगमध्ये व्हॉल्व्ह आणि पिस्टन भेटले तर इंजिनच जातं. 'स्टेज टू' बसवताना माझ्या गाडीत हे कोणी तपासलं नव्हतं, हे आठवून मला अजून धडकी भरते.

बसवताना डिग्रीचं चाक क्रँकला लावून कॅम दोन अंश ॲडव्हान्स (जरा पुढे) ठेवला, म्हणजे टॉर्क आणखी थोडा खाली येतो. लोबांना मॉलिब्डेनमची काळी पेस्ट फासली. पहिल्यांदा सुरू केल्यावर आयडलिंगला सोडायचं नाही, २,००० ते २,५०० वर वीस मिनिटं धरायचं, कारण लोबवर तेल उडतं ते इंजिन फिरल्यामुळे. ॲक्सिलरेटर मी धरला. मामा व्हॉल्व्ह कव्हरवर स्क्रू ड्रायव्हर टेकवून त्याची मूठ कानाला लावून वीस मिनिटं उभे होते, एक शब्द बोलले नाहीत. मग तेल काढून त्यात चुंबक फिरवला. चुंबकाला करडी साय लागली, कण नव्हते. तेल आणि फिल्टर बदलून गाडी दिली. हजार किलोमीटरला टॅपेट परत सेट केले.

अकरा महिने झाले, बावीस हजार किलोमीटर. आयडलिंग ८५० वर स्थिर, एसी लावला तरी. व्हॅक्यूम सोळा. लिटरला साडेतेरा ते चौदा. पीयूसीला कार्बन मोनॉक्साइड ०.३, हायड्रोकार्बन ३१०. चौथ्या गिअरला ४० ते ८० जायला 'स्टेज टू'ने साडेसतरा सेकंद घ्यायची, आता चौदा लागतात. दोन्ही वेळा गारगोटी रस्त्याचा तोच सपाट तुकडा, तीच खोकी, भाचा शेजारी बसून मोबाइलवर वेळ मोजत होता. ट्रॉलीमागे तिसऱ्या गिअरला गाडी शांत चालते. मागच्या महिन्यात कणकवलीला जाऊन येताना फोंडा घाट भरल्या गाडीने चढले. वळणं सोडली तर तिसरा गिअर पुरला. घाटमाथ्यावर थांबून अण्णांना फोन केला.

वरच्या टोकाला मात्र फार काही मिळालेलं नाही. कंपनीने या इंजिनाला ८५ बीएचपी सांगितले होते. साडेपाच हजारांच्या पुढे गाडी मूळच्यापेक्षा जराशी मोकळी वाटते, एवढंच. हायवेवर कोणाशी शर्यत लावायची असेल तर हा कॅम तुमच्यासाठी नाही.

तक्रारीही आहेत. आठ दिवस सांगून एकोणीस दिवस लावले. त्या काळात मला भाड्याची गाडी घ्यावी लागली आणि दोन मेडिकलवाल्यांची ऑर्डर हातची गेली. मामा फोन उचलत नाहीत. बिल तीनदा मागितल्यावर मिळालं. बसायला जागा नाही, बाई माणसाला तर दिवसभर थांबायचं म्हणजे अवघडच. मशिनवर काय चाललंय ते बघू देतात, विचारलं तर सांगतात, म्हणून मी थांबले.

खर्च: ग्राइंडिंग आणि फॉस्फेट साडेसात हजार, जुना चांगला कॅम दोन हजार, रॉकर, स्प्रिंगा, सील, गॅस्केट आणि बेल्ट मिळून साडेनऊ, मजुरी आठ. सत्तावीस हजार. आधीच्या कॅमवर घालवलेले पैसे वेगळे, ते गेलेच.

नव्या गाड्यांवाल्यांना कळकळीने सांगते, हे करू नका. आताच्या बऱ्याच इंजिनांत व्हीव्हीटी असतं. ते इनटेक कॅमचं टायमिंग चालता चालता पुढेमागे करतं, खालचा टॉर्क आणि वरची ताकद दोन्ही सांभाळतं. तिथे घासलेला कॅम टाकला तर ईसीयू गोंधळतो, वॉरंटी जाते, बीएस-६ गाडी पीयूसीला अडकते. आणि कायदाही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापासून गाडी वेगळी करता येत नाही. मी मूळच्या जवळचाच कॅम निवडला त्याचं एक कारण हेही होतं.

मामांकडे जाणार असाल तर टॅकोमीटरची पंधरा दिवसांची वही, शेवटचं पीयूसी आणि गाडीतला मूळ कॅम सोबत न्या, झिजलेला असला तरी. शटर साडेनऊला उघडतं. दहाला मशिन सुरू होतं, त्याआधी जे विचारायचं ते विचारून घ्या.